स्वस्तातले तात्या

आमचे देव टॉवेलांच्या कपाटात राहत. अमेरिकेतल्या श्रूजबरीचं ते घर ज्याने बांधलं त्याने बाथरूमसमोरच्या बोळात चादरी-टॉवेल ठेवायला एक उभं कपाट केलं होतं. त्याच्या मधल्या फळीवर आईने बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि माहेरून मिळालेला शाळिग्राम मांडला. वरच्या फळीवर टॉवेल, खालच्या फळीवर व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्या. आंघोळ करून बाहेर आलं की एका हाताने ओला टॉवेल टांगायचा आणि दुसऱ्या हाताने नमस्कार करायचा, अशी आमची भक्ती. उदबत्तीचा वास टॉवेलांत इतका मुरला होता की जिमच्या तासाला मुली मला विचारायच्या, तुमच्याकडे साबण कुठला? मी कुठल्यातरी फ्रेंच वाटणाऱ्या साबणाचं नाव ठोकून द्यायची.

देवांची सोय झाली तरी आईच्या मनाला एक रुखरुख होती. तिचं माहेर वाईचं. कृष्णेकाठच्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं, त्याला हात लावून मग देवाकडे जायचं. नदीतही कासवं होती. लहानपणी घाटावर बसून ती त्यांना पिठाच्या गोळ्या टाकायची. "देव आले, पण कासव राहिलं," असं ती कपाटाचं दार लावताना म्हणायची. तिला हवं होतं ते बोटभर पितळी कासव. मामाला सांगून कुणा येणाऱ्याबरोबर मागवावं, एवढंच तिचं म्हणणं. पण बाबांना सोपी गोष्ट सोपी ठेवणं कधी जमलंच नाही. "पितळी कशाला? इथे जिवंत मिळतं," ते म्हणाले.

ते गमतीत म्हणाले असं आम्हाला तेव्हा वाटलं. आज वाटतं, ते घाबरले होते. आम्हाला येऊन फार दिवस झाले नव्हते. बाबा एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. सकाळी एकुलती एक गाडी घेऊन जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मी चौदा वर्षांची, धाकटा सुहास आठ. आम्ही शाळेत. आई दिवसभर त्या घरात एकटी, आणि आम्ही घरी आलो तरी तिची एकटेपणातून सुटका नव्हती, कारण तिने मराठीत विचारलं की आम्ही इंग्लिशमध्ये उत्तर देऊन टीव्हीसमोर बसायचो. त्या हिवाळ्यात तिने एक नवं वाक्य सुरू केलं. "मी जरा वाईला जाऊन येते." आधी महिनाभर, मग सहा महिने. 'जाऊन येते' मधलं 'येते' दर वेळी थोडं बारीक होत होतं, आणि ते बाबांना ऐकू येत होतं.

म्हणून एका शनिवारी आम्ही चौघं वूस्टरच्या एका पेट शॉपमध्ये उभे होतो. आत पक्ष्यांचा कलकलाट, ओल्या लाकडी भुशाचा वास, आणि डॉट नावाची ऐसपैस मालकीण, जिच्या ओठांत कायम एक न पेटवलेली सिगरेट असे. बाबांचं लक्ष आधी गेलं ते मागच्या भिंतीशी, दिव्याखाली ठेवलेल्या एका काचेच्या पेटीकडे. आत कासव होतं. काळ्याभोर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, कुणी निगुतीने रांगोळी काढावी तशा. बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं 'इंडियन स्टार'.

"अगं, हे तर आपल्याकडचं!" बाबा इतक्या जोरात म्हणाले की पोपट गप्प झाले. मग त्यांनी किंमत वाचली आणि स्वतःही गप्प झाले. त्या पैशांत आमचा महिन्याचा किराणा येत होता. बाबा डॉटकडे वळले. भाजीवालीशी घालावी तशी हुज्जत ते अमेरिकेत कुठेही घालू शकत. ती ग्रीक जातीची कासवं तिकडे दाराशी इतकी स्वस्त आणि आमचं हे एवढं महाग, असं का?

डॉटने सिगरेट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "तुमचं सरकार यांना देशाबाहेर सोडत नाही," ती म्हणाली. "बंदीआधी आली तेवढीच इथे आहेत. अंडी घालतात मोजकी, त्यातली जगतात त्याहून कमी. आणि हे पिल्लू असल्यापासून मी वाढवलंय, वर्षानुवर्षं दिवा पुरवलाय. दाराशी आहेत ती तुर्कस्तानातून येतात. डोंगरात ढिगाने सापडतात. लोक गोळा करतात, खोक्यात भरतात, पाठवतात. त्यांना कुणी वाढवायला लागत नाही."

बाबांनी आईला सगळं मराठीत सांगितलं आणि स्वतःच्याच विनोदावर आधीच हसत पुढे म्हणाले, "बघ, कासवाला सोडत नाहीत म्हणे. मला मात्र कुणी अडवलं नाही!"

"अडवायला हवं होतं," आई म्हणाली. ती हसली नाही.

दाराशी लहान मुलांचा एक प्लॅस्टिकचा पोहण्याचा हौद होता, पाणी नसलेला. तळाशी वर्तमानपत्र, त्यावर मलूल लेट्यूसची पानं आणि एकमेकांवर चढणारी दहा-बारा मातकट कासवं. तुर्कस्तानातून येऊन ग्रीक का म्हणवतात हे डॉटलाही सांगता आलं नाही. आई वाकून बघत होती. त्यातल्या एकाने मान लांब केली आणि तिच्याकडे वर, कपाळाला आठ्या घातल्यासारखं बघितलं. "अगंबाई, तात्या!" आई म्हणाली. तात्या म्हणजे तिच्या माहेरचे शेजारी, कोर्टातले निवृत्त कारकून, चष्म्यावरून असंच बघायचे आणि अंगणात कुणी मोठ्याने हसलं की खाकरायचे. त्या दिवशी तिचा चेहरा किती तरी आठवड्यांनी सैल झालेला मी पाहिला. बाबांनी भाव न करता पैसे काढले.

डॉटने तात्यांना खोक्यात घातलं आणि बाबांना बजावलं, "फार सुकलाय. दर आठवड्याला सोक करा." बाबांनी गाडीत ते मराठीत केलं, "आठवड्यातून एकदा पाण्यात ठेवायचं म्हणते."

"कासवच ते," मांडीवरचं खोकं सांभाळत आई म्हणाली. "पाण्यात नको ठेवू तर काय दोरीवर वाळत घालू?"

आपल्या भाषेत कासव एकच. नदीतलं तेही, माळावरचं तेही, देवळात दगडाचं झालेलं तेही. इंग्लिशमध्ये पाण्यातल्याला टर्टल आणि जमिनीवरच्याला टॉर्टस म्हणतात, हे शब्द शाळेत माझ्या आणि सुहासच्या कानांवरून गेलेले असणार, पण घरात तात्या आले ते कासव म्हणून आले. मैत्रिणींना सांगताना मी 'माय मॉम्स टर्टल' म्हणायची. दुकानात डॉट सारखी 'टॉर्टस' म्हणत होती, आणि बाबांच्या कानात तो कासवाचा जरा भारदस्त इंग्लिश शब्द म्हणून शिरला. कुणालाच त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

मी आयुष्यभर दंतवैद्य म्हणून लोकांचे दात काढले. कासवांशी माझा धंद्याचा काही संबंध नाही. तरी कुठे सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन दिसलं की माझे पाय तिकडे वळतात, आणि मी किमतींच्या पाट्या वाचत हिंडते. डॉट खोटं बोलली नव्हती. जे ढिगाने पकडता येतं ते स्वस्त, ज्याला वाढवावं लागतं किंवा बाहेर पडायलाच बंदी आहे ते महाग. तेव्हा क्वचित दिसायचं म्हणून भाव खाणारं आफ्रिकेतलं थोरलं कासव आज सगळ्यात स्वस्त आहे, कारण ते इथे पैदा होऊ लागलं आणि अंडी घालताना हात आखडत नाही. तळहाताएवढं पिल्लू लोक हौसेने नेतात. ते कॉफी टेबलाएवढं होऊन कुंपण पाडायला लागलं की कुणी घेता का म्हणून विचारत फिरतात. डॉटने एक मात्र सांगितलं नव्हतं. खोक्यात भरून आलेली ती स्वस्तातली कासवं तहानेने आणि जंतांनी अर्धमेली असत, आणि पुष्कळशी पहिला हिवाळा काढत नसत. तात्यांनी काढला. तो आईने काढून दिला.

तात्यांचा मुक्काम स्वयंपाकघरात, हीटरजवळच्या कोपऱ्यात. वर बाबांनी टेबलावरचा एक दिवा वाकवून बसवला. सकाळी दिवा लागला की थोड्या वेळाने लिनोलियमवर खरड खरड सुरू व्हायची, मग सिंकखालच्या कपाटाच्या दारावर टकटक. तिथे कचऱ्याचा डबा होता आणि त्यात भाज्यांचे देठ पडतात, हा शोध त्यांनी आठवड्यात लावला. डॉटकडचं लेट्यूस त्यांनी लवकरच सोडलं. आईने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत खिडकीवर मेथी पेरली होती ती त्यांना आवडे, कोथिंबिरीचे देठ आवडत, उन्हाळ्यात हिरवळीतली डँडेलायनची पानं तर फारच. शेजारी ती पानं मारायला औषध फवारत आणि आमची आई पदर खोचून ती खुडत बसलेली असे. भोपळ्याची सालं मात्र त्यांना चालत नसत.

आणि आई बोलत असे. शाळेतून येऊन गॅरेजचं दार उघडलं की आतून तिचा आवाज येई. "तात्या, आज सालंच आहेत, रागावू नका. ह्यांचा फोन आला होता, उशीर होईल म्हणाले. बघितलंत ना बाहेर, परत बर्फ. तुमच्या तुर्कस्तानात पडतं का हो एवढं?" त्यांना ती अहोजाहो करायची, कारण नाव तात्या होतं. फोडणी तडतडायची, कुकरची शिट्टी व्हायची, त्या सगळ्यातून तिचं बोलणं सलग चालू. वाईची माणसं, त्यांची भांडणं, कुणाच्या लग्नात आमटीत मीठ जास्त पडलं होतं, सगळं तात्यांना ठाऊक झालं. सुहास कोक काढायला आत जायचा आणि विचारायचा, "मॉम, हू आर यू टॉकिंग टू?"

"तात्यांशी. का? तुला वेळ आहे का?"

त्याला नसायचा. मलाही नसायचा. पण त्या सगळ्यात 'वाईला जाऊन येते' हे वाक्य कधी बंद झालं ते कळलंही नाही. मामाचं पत्र आलं, सुट्टीत येताय का म्हणून, तेव्हा आई चटकन म्हणाली, "मी गेले तर ह्यांचं कोण बघेल?" बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं, चेहरा दिसू नये एवढं. स्वस्तातल्या त्या कासवाने त्यांचं घर राखलं होतं.

शनिवारी तात्यांची आंघोळ. कणीक मळायची जुनी परात त्यासाठी बाजूला काढली होती. आई तीत दोन बोटं कोमट पाणी घालायची, तान्ह्या बाळासाठी बघावं तसं कोपर बुडवून बघायची आणि तात्यांना उचलून ठेवायची. ते मान लांबवून पाणी प्यायचे. आईला मात्र ती परात बघून वाईट वाटायचं. "नदीत पोहायचं सोडून बिचारे परातीत बसतात," ती म्हणायची. परात उथळ होती म्हणूनच तात्या जगत होते, हे कळायला अजून अवकाश होता.

मग दिवाळी आली. आमची दिवाळी पंचांगातली नव्हे, त्यानंतरच्या शनिवारची, कारण बाबांना रजा नसे. पण आईने त्यात कसूर ठेवली नाही. पहाटे उठवून तेल, उटणं, पाठीवर चोळून लाल होईपर्यंत. नरकासुर म्हणून पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं असतं. श्रूजबरीत कारीट कुठून आणायचं? आईने सुपरमार्केटातून ब्रसल्स स्प्राउट आणले होते. हिरवे, गोल, कडू. आम्ही एकेकाने बाथरूमच्या दारात ते फोडले आणि सुहास घसरून पडला. आम्ही सगळे खूप हसलो. स्वयंपाकघरात चकल्यांचा आणि खमंग भाजणीचा वास भरून राहिला होता. त्या घरातली इतकी आनंदाची सकाळ मला दुसरी आठवत नाही, आणि म्हणूनच ती आठवायला मला आवडत नाही.

आमचं झाल्यावर आई म्हणाली, "आता तात्या राहिले." तिने त्यांच्या पाठीला तेल लावलं, पायांना बोटाने उटणं लावलं, कुंकवाचा बारीक टिळा लावला. "सणाच्या दिवशी परात नको," ती म्हणाली आणि तिने बाथटबचा नळ सोडला. टब भरला. कोपराने पाणी बघितलं. तात्यांना अलगद पाण्यात ठेवलं तेव्हा त्यांनी चारही पाय भराभर हलवले. "बघा बघा, पोहतायत!" ती ओरडली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की आम्ही सगळे बघायला धावलो.

तेवढ्यात फोन वाजला. वाईहून फोन म्हणजे तेव्हा आधी नंबर लावून तासन् तास थांबून लागायचा. दिवाळीला एक, एवढाच. आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपाशी रांगेने उभे राहिलो. ओरडून बोलायचं, आपलाच आवाज परत ऐकू यायचा, मग त्यांचा. आई तिच्या आईला सांगत होती, "हो, झाली सगळ्यांची आंघोळ. आमचे तात्या अजून अभ्यंगस्नान करतायत!" आणि पलीकडे आजी हसत होती. लाइन तुटल्यावर आईने डोळे पुसले, चकल्यांची ताटली टेबलावर ठेवली आणि बाथरूममध्ये डोकावून आली. "बुडी मारून बसलेत खाली. आरामात," ती म्हणाली. आम्ही फराळ केला.

बाबा हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मग त्यांनी तिला नावाने हाक मारली. ते कधी नावाने हाक मारत नसत.

बाबा तात्यांना उलटं धरून त्यांच्या तोंडातून पाणी काढत होते. आई टबाच्या कडेवर बसली होती, साडी गुडघ्यांपर्यंत भिजलेली. कुंकू पाण्यात विरघळून गेलं होतं. मग बाबांनी स्वयंपाकघरात येऊन डॉटला फोन लावला. मी शेजारीच उभी होते आणि डॉटचा आवाज मोठा होता, म्हणून पलीकडचं सगळं मला ऐकू आलं. "बट ही वॉज अ टॉर्टस, हनी! नॉट अ टर्टल. टॉर्टसेस कान्ट स्विम. नन ऑफ देम." बाबांनी मागच्या पेटीतल्या त्या चांदण्यांच्या कासवाबद्दल विचारलं. "ही'ड सिंक टू," डॉट म्हणाली. "लाइक अ स्टोन."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिला फोनवरचं इंग्लिश कळत नसे. "काय म्हणाली?"

"म्हणाली, ह्या जातीला पोहता येत नाही."

"कासवाला पोहता येत नाही?"

"अगं, हे तसं कासव नव्हे."

"तसं नव्हे म्हणजे? मराठीत काय म्हणतात ह्याला?"

बाबांकडे शब्द नव्हता. त्यांनी फोन जागेवर ठेवला, वायर नीट केली. आई त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. आपण काय केलं ते तिच्या ध्यानात येत होतं. बाबांनी ते पाहिलं. "स्वस्तातल्यांना येत नाही," ते भराभर म्हणाले. "म्हणून तर ती स्वस्त. आपल्याकडचं ते महागाचं होतं ना, ते पोहतं."

"पोहतं?"

"झकास पोहतं. म्हणून एवढी किंमत. मी पैसे वाचवायला गेलो. तुझी काही चूक नाही त्यात. माझीच आहे."

आयुष्यात माझ्या बाबांनी केलेलं सगळ्यात सुंदर भाषांतर ते. मी सगळं ऐकलं होतं आणि बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी ताटल्या उचलायला लागले.

जमीन अजून गोठली नव्हती. मागच्या अंगणात, जिथे डँडेलायन जास्त उगवत तिथे बाबांनी खड्डा केला. आईने खिडकीतली सगळी मेथी उपटून आणली आणि त्यांच्याबरोबर घातली. रिकामे डबे तिने धुऊन ठेवले. नंतर त्यांत कधी मेथी आली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात स्वस्त वस्तू यायची बंद झाली. गॅरेज सेलमधून जुना टोस्टर आणून फुशारकी मारणारे बाबा सेलची कात्रणं न बघता फेकायला लागले. आईला कोट घेतला तो दुकानातला सगळ्यात भारी. तिने स्वस्तातला हातात धरला तर ते तिच्या हातातून काढून घेत आणि म्हणत, "नको, ह्यात काहीतरी कमी असेल." हे ते गंभीरपणे म्हणत. लोक समजायचे, इंजिनिअरसाहेबांचं आता बरं चाललंय.

आई वाचनालयातल्या इंग्लिशच्या वर्गाला जायला लागली. "पुढच्या वेळी मीच विचारीन दुकानात," एवढंच तिने कारण सांगितलं. पुढची वेळ आली नाही, पण इंग्लिश आलं. एका दुपारी ती स्वयंपाकघरात चित्रांचं इंग्लिश पुस्तक घेऊन बसली होती. मी दूध प्यायला गेले तर तिचं एक बोट एका चित्रावर होतं आणि दुसरं शेजारच्या चित्रावर.

"हा पोहतो," ती मला मराठीत म्हणाली. "आणि हा?"

"हा नाही, आई."

"महागातला असला तरी?"

मी ग्लास खाली ठेवला. "कुठलाच नाही."

तिने मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. मग पुस्तक मिटून म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

"पण का? ते उगीच स्वतःला—"

"त्यांनी एवढं अंगावर घेतलंय माझ्यासाठी. ते परत कसं करू?"

मला तेव्हा ते थोर वाटलं. आता तितकंसं वाटत नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळायला म्हणून जे धरून ठेवलं त्याचं ओझं दोघंही उचलत राहिले आणि मी मध्ये उभी राहून बघत राहिले. तात्यांचं नाव घरात निघेनासं झालं. स्वयंपाकघरातलं ते सलग बोलणंही थांबलं. ते आमच्याकडे वळवता आलं असतं, पण तोवर तिला इंग्लिश यायला लागलं होतं, आणि शाळेतून आल्यावर ती विचारायची, "हाऊ वॉज स्कूल?" आम्ही म्हणायचो, "फाइन." झालं. वाईची किती तरी माणसं तात्यांना ठाऊक होती, ती मला ठाऊक नाहीत. हे सगळं लिहायला बसले तेव्हा मला त्याची खरी उणीव कळली.

बाबा शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा एका दुपारी, कशावरून ते माहीत नाही, मला म्हणाले, "तेव्हा ते महागाचंच घ्यायला हवं होतं गं." आई खुर्चीत बसून संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ती सांगेल. मनातल्या मनात मी म्हणत होते, सांग, आई, आता तरी सांग. तिने एक फोड बाबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "असू द्या हो." बाबा आठवडाभरात गेले, आणि ते तसंच राहून गेलं. मला त्याचं आजही फार वाईट वाटतं.

नंतर आई माझ्याकडे राहायला आली. माझी मुलगी मीरा आठेक वर्षांची होती आणि रविवारी मराठी शाळेत जायची. एका संध्याकाळी ती डायनिंग टेबलावर प्राण्यांची नावं लिहीत होती आणि आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी पोळ्या लाटत होते.

"आजी, हाऊ डू यू से टर्टल?"

"कासव."

"अँड टॉर्टस?"

तेही कासवच, असं मी ओट्यापासून म्हणणार होते. आईने हातातली काडी ताटात ठेवली. "तात्या," ती म्हणाली.

मी लाटणं थांबवलं. मीराने नाक फेंदारलं. "इज दॅट अ रिअल वर्ड?"

"आपल्या घरात आहे."

मीराने 'टॉर्टस'पुढे सावकाश, 'त्या' गिरवत, 'तात्या' लिहिलं. मग पेन्सिल तोंडात धरून विचारलं, "डू दे स्विम?"

"नाही गं बाळा," आई म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती ती, मीराकडेही नाही. "त्यांना पाण्यात सोडायचं नसतं. मला माहीत नव्हतं."

एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होती. ज्याला सांगायचं तो माणूस आता नव्हता, आणि मीराला काही माहीत नव्हतं. ती खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहिली. "कॅन वी गेट वन? आजी, प्लीज? माझ्या फ्रेंड मायाकडे आहे, शी सेज दे आर रिअली चीप."

आईने पुढची जुडी सोडली आणि पानं खुडायला घेतली.

"नको गं," ती म्हणाली. "फार महाग पडतात."